कान्निझारोचे पत्र : रसायनाच्या अध्यापनातील क्रम आणि संज्ञा

इ. स. १८५८ च्या मार्च महिन्यात जेनोआ विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक स्तानिस्लाओ कान्निझारो (१८२६–१९१०) यांनी सेबास्तियानो दे लूका या आपल्या व्यवसायबंधूस एक दीर्घ पत्र लिहिले. आपण वर्गात रसायनाचे तात्त्विक अंग कोणत्या क्रमाने शिकवितो, प्रत्येक व्याख्यानात काय सांगतो व काय राखून ठेवतो, एवढाच त्या पत्राचा विषय. ते त्याच वर्षी ‘नुओव्हो चिमेन्तो’ या इटालियन नियतकालिकात प्रसिद्ध झाले व पुढे स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपानेही निघाले. मराठीत त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘रासायनिक तत्त्वज्ञानाच्या एका पाठक्रमाचा आराखडा’ असा करता येईल. रसायनशास्त्राच्या इतिहासात या पत्रास फार मोठे स्थान आहे. परंतु इतिहासकार त्यास बहुधा अणुभारांचा प्रश्न सोडविणारा शोधनिबंध म्हणून वाचतात. तो शोधनिबंध नव्हे. त्यात नवीन प्रयोग जवळजवळ नाही, नवीन पदार्थ नाही, आणि ज्या गृहीतकावर सारी इमारत उभी आहे ते गृहीतक तर त्या वेळी सत्तेचाळीस वर्षांचे जुने होते. नवीन आहे तो केवळ सांगण्याचा क्रम. म्हणून ते पत्र अध्यापनविषयक लेखन म्हणूनच वाचावे आणि त्याचे परीक्षणही त्याच दृष्टीने व्हावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, १८५८ च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञांमध्ये जो वाद माजला होता तो निम्मा पदार्थांविषयी आणि निम्मा शब्दांविषयी होता. पाण्याचे उदाहरण घ्यावे. एक पक्ष हायड्रोजनचा भार १ व ऑक्सिजनचा ८ धरून पाण्यात दोहोंचा एकेक अणू मानीत असे. दुसरा पक्ष ऑक्सिजनचा भार १६ धरून हायड्रोजनचे दोन अणू मानी. कार्बनचा भार कोठे ६ तर कोठे १२. केकुलेने आपल्या सेंद्रिय रसायनावरील पाठ्यग्रंथात ॲसेटिक आम्लाची त्या काळी वापरात असलेली एकोणीस सूत्रे एका पानावर मांडून दाखविली आहेत. एकाच पदार्थाचे एकोणीस प्रकारे लेखन होत असेल, तर तेथे प्रयोगशाळेइतकीच व्याकरणाचीही गरज असते. ‘अणू’, ‘रेणू’, ‘तुल्यभार’ हे शब्द प्रत्येक जण वापरी, आणि प्रत्येकाच्या तोंडी त्यांचा अर्थ निराळा असे.

या गोंधळाचे मूळ खुद्द आवोगाद्रोच्या १८११ मधील निबंधात काही अंशी सापडते. समान उष्णता व समान दाब असता वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, हे त्याचे गृहीतक आज शाळेतील मुलासही पाठ असते. परंतु आवोगाद्रोने त्या निबंधात ‘अणू’ हा शब्द वापरलेला नाही. त्याचा सारा व्यवहार ‘रेणू’ या एकाच शब्दाला निरनिराळी विशेषणे जोडून चालतो : संयुगाचा ‘समग्र’ रेणू, मूलद्रव्याचा ‘घटक’ रेणू, आणि ज्यास आपण आज अणू म्हणतो तो ‘मूलभूत’ रेणू. विशेषण हा भाषेतील फार नाजूक भाग आहे. घाईत बोलणारा ते गाळतो, घाईत वाचणारा ते विसरतो, आणि भाषांतरकारास ते पुष्कळदा अनावश्यक वाटते. विशेषण गळाले की आवोगाद्रोचे तीन अर्थ एका शब्दात कोसळतात. मूलद्रव्याचा रेणू अनेक अणूंचा असू शकतो व संयोगाच्या वेळी तो दुभंगतो, ही त्याच्या निबंधातील सर्वांत धीट कल्पना. आणि तीच दृष्टिआड झाली, यात नवल नाही. त्यात बर्झेलियसचा विद्युत्सिद्धान्त आडवा आला. संयोग होतो तो विरुद्ध विद्युद्भारांमुळे, असे एकदा मानले की ऑक्सिजनच्या एका अणूने दुसऱ्या ऑक्सिजनच्याच अणूशी जोडून राहणे अशक्यच ठरते. पुढे द्यूमाने वाफांच्या घनता मोजल्या, तेव्हा गंधक, फॉस्फरस व पारा यांच्या बाबतीत आकडे अपेक्षेशी जुळेनात. आणि तोही निराश होऊन ‘अणू’ हा शब्दच शास्त्रातून काढून टाकावा अशा मताला आला. तथ्यांचा व शब्दांचा गुंता उलगडत नसला म्हणजे शब्दावरच राग काढण्याची ही प्रवृत्ती आमच्या शास्त्रातही अपरिचित नाही.

येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. मराठीत ‘अणू’ म्हणजे मूलद्रव्याचा अविभाज्य अंश आणि ‘रेणू’ म्हणजे अणूंचा समूह. हिंदीत पहिल्यास ‘परमाणु’ म्हणतात व दुसऱ्यास ‘अणु’. परिणामी ‘अणुभार’ हा एकच शब्द मराठी पुस्तकात एक अर्थ सांगतो व हिंदी पुस्तकात दुसरा : ऑक्सिजनचा अणुभार मराठीत १६ आणि हिंदीत ३२. दोन्ही भाषांची परिभाषा संस्कृतातूनच घेतलेली, दोहोंचीही व्युत्पत्ती निर्दोष. वैशेषिकांचा ‘परमाणु’ हिंदीने उचलला. मराठीने ‘अणू’स वरच्या आसनावर बसविले व खालच्यासाठी ‘रेणू’ हा मुळात धुळीचा कण दाखविणारा शब्द घेतला. कोणती निवड अधिक बरी, याचा निर्णय व्युत्पत्तीच्या आधारे करू पाहणे व्यर्थ आहे. संज्ञेचा अर्थ तिच्या धातूत नसतो, शेजारच्या संज्ञेशी असलेल्या तिच्या भेदात असतो. परंतु आपल्याकडील जो विद्यार्थी पदवीपरीक्षेसाठी मराठी टिपणे व हिंदी ग्रंथ एकाच टेबलावर ठेवून वाचतो, त्याची अवस्था १८५८ मधील युरोपीय रसायनज्ञाहून फार वेगळी नसते, हे आपल्या परिभाषा-मंडळांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता पत्राकडे वळू. कान्निझारोची पहिली चार व्याख्याने इतिहासाला दिलेली आहेत. गे-ल्युसाकचा वायूंच्या आकारमानांविषयीचा नियम, त्यावरून आवोगाद्रो व आंपेर यांनी काढलेले अनुमान, बर्झेलियसची निराळी वाट, द्यूमाचे प्रयोग व त्याची निराशा, गोदँने केलेला अणू व रेणू यांतील स्पष्ट भेद, लोरां व जेरार यांनी केलेला अर्धवट उद्धार – ही सारी कथा तो वर्गाला सांगतो. परंतु ही कथा सनावळीची नाही. प्रत्येक शास्त्रज्ञ कोठे थांबला व का थांबला, हे सांगण्यावर सारा भर आहे. बर्झेलियस चुकला असे तो म्हणत नाही. बर्झेलियसपाशी जी गृहीते होती त्यांच्यापासून दुसरे काही निघणे शक्य नव्हते, असे तो दाखवितो. विद्यार्थ्याच्या मनात जी शंका पुढे उद्भवणार, तिला तो अगोदरच एका थोर माणसाचे नाव देऊन ठेवतो. माझ्या मते या पत्रातील अध्यापनकौशल्याचा हा पहिला खरा अंश होय. ‘हे कसे शक्य आहे?’ असे विचारणारा विद्यार्थी येथे मंदबुद्धी ठरत नाही. तो बर्झेलियसच्या पंक्तीला जाऊन बसतो.

पाचव्या व्याख्यानात मात्र इतिहास एकाएकी संपतो आणि गणित सुरू होते. येथे कान्निझारो एक वरकरणी क्षुल्लक वाटणारा निर्णय घेतो. वायूंच्या घनता मोजताना हायड्रोजनचा संपूर्ण रेणू एकम् न मानता त्याचा अर्धा रेणू, म्हणजे हायड्रोजन क्लोराइडच्या एका रेणूत जेवढा हायड्रोजन असतो तेवढा, एकम् मानावा, असे तो सांगतो. त्यामुळे हायड्रोजनच्या रेणूचा भार २ होतो, आणि इतर प्रत्येक वायूचा रेणुभार त्याच्या घनतेवरून सरळ हाती येतो. मग तो विद्यार्थ्यांपुढे एक कोष्टक ठेवतो. त्यातील काही ओळी शब्दांत अशा सांगता येतील : हायड्रोजनचा रेणू २, त्यात हायड्रोजन २, हायड्रोजन क्लोराइडचा ३६·५, त्यात हायड्रोजन १ व क्लोरिन ३५·५, पाण्याचा १८, त्यात हायड्रोजन २ व ऑक्सिजन १६, अमोनियाचा १७, त्यात हायड्रोजन ३ व नायट्रोजन १४. कार्बनची संयुगे घेतली तर कार्बन मोनॉक्साइडच्या २८ भागांत कार्बन १२, कार्बन डायॉक्साइडच्या ४४ भागांत १२, दलदलीतील वायूच्या म्हणजे मिथेनच्या १६ भागांत १२, एथिलीनच्या २८ भागांत २४, प्रोपिलीनच्या ४२ भागांत ३६, आणि ईथरच्या ७४ भागांत ४८.

आता कोणाही विद्यार्थ्यास बोट ठेवून विचारावे : कार्बनच्या स्तंभात काय दिसते? १२, १२, १२, २४, ३६, ४८. सहा कोठेही नाही, अठरा कोठेही नाही. कार्बनचा भार ६ की १२ हा पन्नास वर्षांचा वाद येथे कोणाच्याही अधिकाराचा आधार न घेता मिटतो. कारण विद्यार्थी स्वतःच तो स्तंभ वाचतो. यानंतरच कान्निझारो नियम सांगतो : एकाच मूलद्रव्याचे निरनिराळ्या रेणूंत जे निरनिराळे अंश आढळतात ते सर्व एका विशिष्ट राशीच्या पूर्ण पटीत असतात, आणि ती राशी सर्वत्र अखंडच आढळत असल्यामुळे तिला अणू म्हणावे. व्याख्या शेवटी येते. आधी कोष्टक, मग नियम, मग नाव.

हा क्रम किती महत्त्वाचा आहे, हे भाषाशास्त्राच्या वर्गात शिकविणाऱ्यास लगेच कळावे. स्वनिम म्हणजे काय, हे व्याख्येने सांगू गेल्यास विद्यार्थी ती पाठ करतात व पहिल्याच उदाहरणाशी अडखळतात. त्याऐवजी ‘काळ, खाळ, गाळ, घाळ’ अशा शब्दांचे स्तंभ फळ्यावर लिहून कोणता भेद अर्थ बदलतो व कोणता बदलत नाही हे त्यांनाच शोधू द्यावे. जे अंश सर्वत्र अखंड राहतात त्यांना शेवटी नाव द्यावे. स्वनिम कोणी पाहिलेला नाही. तो उच्चारांच्या परस्परसंबंधातून काढलेला असतो. कान्निझारोचा अणूही तसाच आहे. त्याला कोणी पाहिलेले नव्हते, त्याचा आकार व त्याचे खरे वजन कोणास ठाऊक नव्हते; आणि त्याच्या व्याख्येला या गोष्टींची गरजही नव्हती. ती व्याख्या वस्तूच्या स्वरूपाविषयी काही बोलत नाही, कोष्टकातील तिच्या वर्तनाविषयी बोलते. अणूंच्या अस्तित्वाविषयी साशंक असलेल्या माणसासही तो स्तंभ नाकारता येत नाही, हे या मांडणीचे बळ होय.

गंधकाचे उदाहरण या बाबतीत विशेष बोलके आहे. द्यूमाला ज्या आकड्यांनी निराश केले त्यांपैकीच हे एक. गंधकाच्या वाफेचा रेणू कमी उष्णतेवर १९२ व हजार अंशांच्या वर ६४ भरतो. द्यूमाच्या दृष्टीने हा गृहीतकाचा पराभव होता, कारण मूलद्रव्याच्या रेणूतील अणूंची संख्या सर्वत्र सारखीच असली पाहिजे, असे त्याने न बोलता धरून चालले होते. कान्निझारो म्हणतो, तसे धरण्याचे काहीच कारण नाही. गंधकाच्या संयुगांवरून अणू ३२ चा ठरतो; तेव्हा एका वाफेत सहा अणूंचा रेणू आहे व दुसरीत दोन अणूंचा. पाऱ्याच्या वाफेत तर एकाच अणूचा रेणू असतो. जे अपवाद गृहीतक मोडीत काढीत होते तेच आता त्याची उदाहरणे बनले, आणि एकही आकडा बदलावा लागला नाही.

ज्यांची वाफ सहजी मिळत नाही अशा धातूंच्या बाबतीत तो द्युलाँ व प्ती यांच्या १८१९ मधील विशिष्ट उष्णतेच्या नियमाची मदत घेतो. पाऱ्याचा अणुभार २०० व विशिष्ट उष्णता ०·०३३३. गुणाकार ६·६६ च्या जवळपास येतो. इतर घन मूलद्रव्यांचा गुणाकारही साधारण तेवढाच येतो. ज्या मूलद्रव्यांच्या बाबतीत दोन्ही मार्ग मोकळे आहेत तेथे ते एकाच ठिकाणी पोहोचतात, म्हणून एकच मार्ग मोकळा असेल तेथेही त्याच्यावर विसंबता येते. या युक्तिवादामुळे पारा, तांबे, जस्त, कॅल्शियम यांचे जेरारने धरलेले अणुभार दुप्पट करावे लागले, तर पोटॅशियम, सोडियम व चांदी यांचे तसेच राहिले. वाचकास हा भाग कोरडा वाटण्याचा संभव आहे. परंतु आवर्त सारणीतील एक गट व दुसरा गट यांमधील भिंत येथेच प्रथम उभी राहिली, हे लक्षात ठेवून तो वाचावा.

येथवर प्रशंसा झाली. परंतु पत्र निर्दोष नाही, आणि त्याचे दोष झाकून ठेवल्यास त्यातील अध्यापनपद्धतीचे खरे मूल्यही कळणार नाही.

पहिला दोष तपशिलाचा आहे. पाऱ्याच्या दोन क्लोराइडांची तुलना हे कान्निझारोचे एक आवडते उदाहरण. एकाचा रेणू २७१ व दुसऱ्याचा २३५·५. दोहोंत पारा २०० च, क्लोरिन मात्र पहिल्यात ७१ व दुसऱ्यात ३५·५. मांडणी सुबक आहे. परंतु दुसरे क्लोराइड, म्हणजे कॅलोमेल, तापविले असता विघटन पावते व त्याची वाफ पारा आणि पहिले क्लोराइड यांचे मिश्रण असते, हे पुढे सिद्ध झाले. म्हणजे वाफेच्या घनतेवरून काढलेला २३५·५ हा आकडा त्या पदार्थाच्या रेणूचा नव्हताच. यातील विलक्षण गोष्ट अशी की, नवसागराच्या वाफेची घनता अपेक्षेच्या निम्मी का भरते, याचे विघटन हेच कारण असले पाहिजे असे ज्यांनी त्या काळी प्रथम सुचविले त्यांत कान्निझारो स्वतः होता. (त्याचा प्रयोगसिद्ध पुरावा पेबालने १८६२ मध्ये दिला.) जे साधन त्याने अपवादाच्या बचावासाठी उचलले ते अनुकूल उदाहरणावर चालवून पाहण्याचे त्याला सुचले नाही. तरीही पाऱ्याचा अणुभार २०० च राहिला, कारण तो एका उदाहरणावर टांगलेला नव्हता. इतर संयुगे व विशिष्ट उष्णता यांचे खांब त्याला होते.

दुसरा दोष अधिक खोल आहे. पहिल्या चार व्याख्यानांतील इतिहास हा वस्तुतः इतिहास नव्हे. ती एका पक्षाच्या वकिलाने मांडलेली कैफियत आहे. त्यात प्रत्येक व्यक्ती आवोगाद्रोपासून किती अंतरावर उभी आहे, एवढ्यावरच मोजली जाते. जे त्या रेषेवर येत नाही ते गाळले जाते. तुल्यभारांची पद्धत पुष्कळ सावध रसायनज्ञांनी पत्करली होती ती केवळ गोंधळामुळे नव्हे. जे मोजता येते तेवढ्याचेच नाव घ्यावे, हा त्यामागील विचार आदरणीय होता. कान्निझारोच्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला त्या विचाराची बाजू फारशी कळली नसावी. अध्यापकाने इतिहास सांगताना निवड करावी लागते हे मान्य. पण निवड आणि निकाल यांत अंतर असावे. पत्राचा उत्तरार्ध, ज्यात मूलकांच्या संपृक्तिशक्तीचा विचार करून पारा व जस्त यांची तुलना एथिलीनशी केलेली आहे, तो मला त्या मानाने सैल वाटतो. तेथे कोष्टकाऐवजी सादृश्य पुढे येते, आणि सादृश्याला कोष्टकाची शिस्त नसते.

असे असूनही या पत्राने जे घडवून आणले ते असामान्य होय. सप्टेंबर १८६० मध्ये कार्लस्रूह येथे केकुले, व्युर्त्स व व्हेल्टसीन यांच्या पुढाकाराने रसायनज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अणू, रेणू, तुल्यभार या संज्ञांचे अर्थ ठरविणे हा तिचा एक प्रकट हेतू होता. कान्निझारो तेथे जोरदारपणे बोलला. पण परिषद निर्णयावाचून संपली. शास्त्रीय सत्य मतदानाने ठरत नाही असे म्हणून सदस्य पांगले. ते पांगत असताना पाव्हियाचे प्राध्यापक आंजेलो पावेसी यांनी या पत्राच्या पुस्तिका वाटल्या. लोथार मायरने ती परतीच्या वाटेवर व नंतर घरी पुनःपुन्हा वाचली आणि आपल्या डोळ्यांवरील पटल गळून पडले अशा आशयाची साक्ष पुढे दिली. १८९१ मध्ये ऑस्टवाल्डच्या अभिजात ग्रंथमालेत त्या पत्राचे जर्मन संपादनही त्यानेच केले. मायरचा ‘रसायनशास्त्रातील आधुनिक सिद्धान्त’ हा ग्रंथ १८६४ मध्ये निघाला. परिषदेला हजर असलेला दुसरा तरुण म्हणजे मेंडेलीव्ह. त्याने १८६७ मध्ये पीटर्सबर्ग विद्यापीठातील अध्यापकपद स्वीकारल्यावर विद्यार्थ्यांसाठी ‘रसायनशास्त्राची मूलतत्त्वे’ हा ग्रंथ लिहावयास घेतला, आणि त्या ग्रंथात मूलद्रव्ये कोणत्या क्रमाने मांडावीत या अडचणीतून १८६९ ची आवर्त सारणी निघाली. एका अध्यापकाच्या पाठक्रमातून दुसऱ्या अध्यापकाचे पाठ्यपुस्तक व त्यातून तिसरी गोष्ट, अशी ही परंपरा आहे. अणुभारांची मांडणी एकदा निश्चित झाल्यामुळे त्यांना रांगेत उभे करण्याचे काम पुष्कळ सुकर झाले.

परिषदेतील भाषणाने जे साधले नाही ते पुस्तिकेने साधले, याचे कारण मला भाषेत दिसते. भाषणात कान्निझारो पक्ष मांडीत होता. ऐकणारा लगेच प्रतिपक्ष होत असे. पुस्तिकेत मात्र तो दे लूकाला ‘मी माझ्या विद्यार्थ्यांस असे सांगतो, मग असे विचारतो’ असे म्हणतो. वाचक आपोआप त्या बाकावर जाऊन बसतो. युरोपातील नामांकित प्राध्यापकांना कोणी ‘तुम्ही चुकला आहात’ असे म्हटलेले खपले नसते. पण जेनोआतील अननुभवी मुलांना काय शिकविले जाते, हे वाचण्यास कोणाची हरकत असणार?

आजच्या पाठ्यपुस्तकांत हा क्रम उलटला आहे. लायनस पॉलिंगचे ‘सामान्य रसायन’ (१९४७) हे या बदलाचे ठळक उदाहरण. ते द्रव्याच्या अणुरचनेपासून सुरू होते व गुणधर्म त्या रचनेवरून समजावून देते. त्याच्या पाठीमागेही एका अध्यापकाची स्वतःची अशी दृष्टी होती, आणि ती त्याने कॅलिफोर्नियातील पहिल्या वर्षाच्या वर्गांत कसाला लावली होती. परंतु त्याचे अनुकरण करणाऱ्यांनी दृष्टी सोडून फक्त क्रम उचलला. आता विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात इलेक्ट्रॉनांची मांडणी लिहितो, आणि २०१९ पासून नेमका ठरविलेला आवोगाद्रो स्थिरांक, ६·०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात, दशांशासह पाठ म्हणतो. त्याला कार्बन १२ का, ६ का नाही, असे विचारून पाहावे. पुष्कळदा उत्तर येते, ‘तक्त्यात तसे दिले आहे.’ ते उत्तर चुकीचे नाही. परंतु त्यात रसायनशास्त्र नाही.

याला वेळेचा आक्षेप घेतला जातो, आणि तो खरा आहे. चार व्याख्याने इतिहासाला देण्याची चैन आजच्या अभ्यासक्रमात कोणाला परवडणार? त्यावर माझे म्हणणे एवढेच की, चारही व्याख्याने देण्याची गरज नाही. पाचवे तेवढे द्यावे. वाफांच्या घनतांचे कोष्टक फळ्यावर काढण्यास व कार्बनचा स्तंभ वाचून घेण्यास एक तास पुरतो. रसायनाच्या वर्गात मी कधी शिकविलेले नाही. परंतु पदव्युत्तर भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे, संज्ञा कशा सिद्ध होतात हे दाखविण्याकरिता, मी ते कोष्टक दोन-तीन वेळा ठेवले आहे. कला शाखेतील, शाळा सोडल्यावर रसायनाशी संबंध तुटलेले विद्यार्थी दहा मिनिटांत बारा या आकड्यापर्यंत येतात. आणि मग एखादा हमखास विचारतो, की एखाद्या संयुगात उद्या सहा सापडला तर? हा प्रश्न यावा यासाठीच तो तास असतो. सापडला तर अणू सहाचा मानावा लागेल, व जुने बारा दोन अणूंचे होतील. कान्निझारोचा नियम मात्र तसाच राहील.

कान्निझारोने आपल्या पद्धतीचे समर्थन पुढे १८७२ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे फॅरडे व्याख्यानात केले. रसायनाच्या तात्त्विक अध्यापनाविषयीच्या त्या व्याख्यानात त्याने असे मत मांडले की, नवीन शास्त्र शिकणाऱ्याच्या मनास पुष्कळदा त्या शास्त्राच्या ऐतिहासिक विकासातील सर्व अवस्थांतून जावे लागते. हे मत अनेकदा उचलून धरले जाते, आणि मला ते मान्य करता येत नाही. मराठी बोलावयास शिकणारे मूल महाराष्ट्री प्राकृतातून व अपभ्रंशातून जात नाही. ते आजच्या मराठीतच, आजच्या रूपांवरून नियम काढीत शिकते. चुकते ते आपल्याच तऱ्हेने. कान्निझारोचा स्वतःचा पाठक्रमही त्याच्या या सिद्धान्ताला धरून नाही. तो विद्यार्थ्याला फ्लॉजिस्टनातून नेत नाही, किमयागारांच्या भट्टीपाशी नेत नाही. बर्झेलियसपाशी नेतो, कारण तेथे एक अशी शंका आहे जी आजही स्वाभाविकपणे उद्भवते. तो इतिहासातील अवस्था निवडीत नाही, अडचणी निवडतो. त्याचे आचरण त्याच्या सिद्धान्तापेक्षा सरस आहे.

या पत्राचे मराठी भाषांतर करावयाचे झाल्यास एक गोष्ट सोपी व एक अवघड जाईल. हायड्रोजनच्या अर्ध्या रेणूचे एकम् दाखविण्यास ‘अर्धरेणू’ हा शब्द सहज चालेल. अवघड आहे ते आवोगाद्रोच्या तीन विशेषणांचे. ‘समग्र रेणू’, ‘घटक रेणू’, ‘मूलभूत रेणू’ असे वर मी लिहिले खरे. परंतु मराठी वाचकाला ‘मूलभूत रेणू’ वाचताना त्या जागी ‘अणू’ घालण्याचा मोह होईलच, आणि संपादकाला तर तो कर्तव्यच वाटेल. तो मोह टाळला पाहिजे. तेथे ‘अणू’ घातला की आवोगाद्रो पहिल्याच पानावर सुगम होईल, आणि त्याला समजण्यास युरोपला सत्तेचाळीस वर्षे का लागली, याचा वाचकाला पत्ताच लागणार नाही.